प्रपंच कोणाच्या माथी? हिप्पी बंडाचा जमाखर्च

'हिप्पी' हा शब्द उच्चारला की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे साधारणतः दोन चित्रे उभी राहतात. एक, देव आनंद यांच्या १९७१ मधील 'हरे रामा हरे कृष्णा' या चित्रपटातील, चिलमीच्या धुरात हरवलेल्या तरुणाईचे. दुसरे, गोव्यातील हणजूणच्या किनाऱ्यावर तळ ठोकून राहिलेल्या परदेशी पाहुण्यांचे. या चित्रांच्या आधारे आपण निकालही देऊन टाकतो : स्वातंत्र्याच्या नावाखाली चाललेला तो निव्वळ स्वैराचार होता. याच्या अगदी उलट निकाल देणाराही एक वर्ग आहे. त्याच्या मते अमेरिकेतील त्या पिढीने जुनी नीती मोडीत काढली आणि पुढच्यांना मोकळा श्वास घेऊ दिला. दोन्ही निकालांत एक गोष्ट समान आहे. दोघेही केसांत फुले माळून अनवाणी फिरणाऱ्या तरुणांकडेच पाहतात. त्या तरुणांना रोज जेवू कोण घालत होते, हा प्रश्न दोघांनाही पडत नाही.

प्रस्तुत लेखात हाच प्रश्न मध्यभागी ठेवून साठच्या दशकातील अमेरिकी प्रतिसंस्कृतीचा जमाखर्च मांडण्याचा प्रयत्न आहे. प्रपंच नाकारण्याची घोषणा करणे सोपे असते. पण नाकारलेला प्रपंच कुठे नाहीसा होत नाही, तो दुसऱ्या कोणाच्या तरी माथी जातो. तो कोणाच्या माथी गेला आणि त्यांनी त्याचे काय केले, हे पाहिले म्हणजे त्या बंडातील कोणती मूल्ये टिकली आणि कोणती विरून गेली, याचा बराचसा उलगडा होतो.

सुबत्तेची मुले

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत जन्मदर अकस्मात वाढला. १९४६ ते १९६४ या काळात तेथे सुमारे साडेसात कोटी मुले जन्मली. युद्धातून परतलेल्या बापांनी उपनगरांत घरे घेतली, मोटारी घेतल्या, नोकऱ्या धरल्या. त्यांच्या बालपणी महामंदी होती. त्यांना स्थैर्य म्हणजेच सुख वाटणे स्वाभाविक होते. त्यांच्या मुलांना स्थैर्य जन्मतःच मिळाले होते, म्हणून त्याचे अप्रूप नव्हते. ही मुले मोठ्या संख्येने महाविद्यालयांत गेली. १९६० ते १९७० या एका दशकात अमेरिकी उच्चशिक्षणातील विद्यार्थिसंख्या दुपटीहून अधिक झाली. इतक्या मोठ्या संख्येने एकाच वयाची, पोटाची चिंता नसलेली माणसे एकत्र राहण्याचा प्रसंग त्या समाजात यापूर्वी आला नव्हता.

या सुबत्तेवर व्हिएतनामच्या युद्धाची छाया होती. अठराव्या वर्षी सरकार मुलाला सक्तीने सैन्यात घेऊ शकत होते, पण मत देण्यासाठी बहुतेक राज्यांत त्याला एकविसाव्या वर्षापर्यंत थांबावे लागे. ज्या व्यवस्थेसाठी मरायचे तिच्याबद्दल बोलायचा अधिकार नाही, ही विसंगती कोणत्याही तत्त्वज्ञानाच्या पुस्तकाशिवाय समजण्यासारखी होती. थिओडोर रोझॅक याने १९६९ मध्ये 'द मेकिंग ऑफ अ काउंटर कल्चर' हा ग्रंथ लिहिला आणि 'प्रतिसंस्कृती' ही संज्ञा रूढ झाली. पण तोवर ती जगून बहुतांशी पार पडली होती.

येथे एक गोष्ट नोंदवणे आवश्यक आहे. या गोऱ्या मुलांना अन्यायाविरुद्ध शरीर पणाला लावायला शिकवले ते दक्षिणेतील काळ्या तरुणांनी. १९६० मध्ये ग्रीन्सबरो येथील उपाहारगृहात चार काळे विद्यार्थी केवळ गोऱ्यांसाठी राखलेल्या जागी जाऊन बसले आणि ठिय्या हे हत्यार देशभर पसरले. १९६४ च्या उन्हाळ्यात काळ्यांची मतदारनोंदणी करण्यासाठी मिसिसिपीत गेलेल्या विद्यार्थ्यांत मारिओ सॅव्हिओ होता. त्याच वर्षीच्या शरदात तो बर्कलीच्या विद्यापीठात भाषणस्वातंत्र्याच्या चळवळीचा आवाज झाला. त्या डिसेंबरात बर्कलीच्या स्प्राउल हॉलमध्ये ठिय्या देणाऱ्या सुमारे आठशे जणांना अटक झाली. विद्यार्थ्यांची मागणी काय होती? विद्यापीठाच्या आवारात राजकीय प्रचार करू द्या, इतकीच. या आरंभाचा गंभीरपणा पुढच्या रंगीबेरंगी चित्रात झाकला गेला.

हेट-ॲशबरीचा संसार

बर्कलीच्या समोर, खाडीपलीकडे सॅन फ्रान्सिस्को. तेथे हेट आणि ॲशबरी या दोन रस्त्यांच्या तिठ्याभोवती जुन्या लाकडी घरांची एक वस्ती होती. तिच्या बाजूने मोठा महामार्ग जाणार, अशी योजना बरीच वर्षे लटकत राहिल्याने भाडी उतरली होती. स्वस्त खोल्या आणि जवळच गोल्डन गेट पार्क, एवढ्या भांडवलावर १९६५-६६ च्या सुमारास कवी, वादक, नट आणि शिक्षण सोडलेली मुले तेथे जमली. १४ जानेवारी १९६७ रोजी त्या उद्यानात वीस-तीस हजारांचा मेळावा भरला. व्यासपीठावर कवी ॲलन गिन्सबर्ग आणि गॅरी स्नायडर होते, एल.एस.डी.चा प्रचारक टिमथी लीअरी होता. गिन्सबर्गने तेथे मंत्र म्हटले. हा गिन्सबर्ग १९६२-६३ मध्ये भारतात राहून गेलेला. मुंबईत अशोक शहाणे, अरुण कोलटकर यांच्या वर्तुळाशी त्याचा परिचय झालेला. आपल्याकडच्या साधूंचे आणि घाटांचे त्याला मोठे आकर्षण होते.

साधूंचे आकर्षण समजण्याजोगे आहे. परंतु आपल्याला घरात बसून जे दिसते ते पाहुण्याला दिसेलच असे नाही. माधुकरी मागणाऱ्यालाही भाकरी थापणारी गृहिणी लागते. संन्यास ही संस्था गृहस्थाश्रमाच्या जिवावर उभी असते आणि आपल्या परंपरेने हे कधी लपवले नाही. गृहस्थाश्रमाला इतर आश्रमांचा आधार म्हटले ते याचसाठी. हेट-ॲशबरीत सगळेच संन्यासी व्हायला निघाले होते. मग गृहस्थ कोण?

या प्रश्नाची जाण असलेला एक गट तेथे होता. त्याचे नाव 'डिगर्स'. १६४९ मध्ये इंग्लंडमधील सरे परगण्यात जेरार्ड विन्स्टन्लीच्या अनुयायांनी पडीक जमीन सामाईक मानून खणायला सुरुवात केली होती. त्यांच्यावरून हे नाव घेतलेले. पथनाट्य करणाऱ्या एका मंडळीतून १९६६ च्या शरदात हा गट निघाला. रोज दुपारी चारच्या सुमारास उद्यानालगतच्या हिरवळीवर तो मोफत जेवण वाटू लागला. मोफत कपड्यांचे आणि वस्तूंचे दुकानही त्याने काढले. पैशाविना समाज चालू शकतो, हे बोलून न दाखवता करून दाखवायचे, ही त्यांची भूमिका होती आणि त्या काळातील ती सर्वांत प्रामाणिक भूमिका म्हणावी लागेल.

पण पातेल्यापाशी कोण होते? डिगर्सची ख्याती एमेट ग्रोगन, पीटर कोयोट, पीटर बर्ग यांच्या नावाने झाली. घाऊक बाजारात पहाटे जाऊन उरलेली भाजी आणि कोंबड्या मिळवणे, त्या शिजवणे, पातेली उद्यानापर्यंत नेणे हे काम मुख्यतः त्या गटातील स्त्रियांनी केले. पैसा रद्द झाला, मालमत्ता रद्द झाली, लग्नही बहुतांशी रद्द झाले. स्वयंपाकाची वाटणी मात्र त्यांच्या आयांच्या घरी होती तशीच राहिली. उपनगरातील गृहिणीला निदान एका कुटुंबाचे करावे लागे. येथे शेकड्यांनी माणसे जेवायला होती.

उन्हाळा आणि त्याचा हिशेब

१९६७ चा उन्हाळा 'प्रेमाचा उन्हाळा' म्हणून प्रसिद्ध आहे. नियतकालिकांनी, दूरचित्रवाणीने आणि एका अतिलोकप्रिय गाण्याने देशभर हाक पोहोचवली आणि सुमारे एक लाख तरुण त्या लहानशा वस्तीत येऊन आदळले, असा अंदाज आहे. त्यांत घरातून पळून आलेली पंधरा-सोळा वर्षांची मुलेमुली पुष्कळ होती. निवारा नव्हता, अन्न पुरत नव्हते. गुप्तरोग, कावीळ आणि अमली द्रव्यांचे बळी वाढले. 'मुक्त प्रेम' या घोषणेचा अर्थ पळून आलेल्या एखाद्या मुलीच्या वाट्याला कसा आला असेल, हे कल्पनेवर सोडलेले बरे. जोन डिडियन हिने त्याच वर्षी लिहिलेल्या वृत्तान्तात एल.एस.डी. दिलेली पाच वर्षांची मुलगी भेटते. ६ ऑक्टोबर १९६७ रोजी वस्तीतील जुन्या मंडळींनीच 'हिप्पी'ची प्रतीकात्मक प्रेतयात्रा काढली. माध्यमांनी घडवलेले हे पात्र मेले, आता कोणी येऊ नका, असे त्यांना सांगायचे होते.

निकाल येथेच लागला असता, तर स्वैराचाराचा आरोप करणाऱ्यांना अधिक काही सिद्ध करावे लागले नसते. परंतु त्याच उन्हाळ्यात त्याच वस्तीत दोन लहान गोष्टी सुरू झाल्या. ७ जून १९६७ रोजी डॉ. डेव्हिड स्मिथ या तरुण डॉक्टरने क्लेटन स्ट्रीटवर मोफत दवाखाना उघडला. सार्वजनिक रुग्णालयात या मुलांना तुच्छतेने वागवले जाई, पोलिसांच्या हवाली होण्याचीही धास्ती असे. येथे नाव-गाव, नीती-अनीती न विचारता उपचार मिळत. आरोग्यसेवा हा हक्क आहे, मेहेरबानी नव्हे, हे त्या दवाखान्याचे ब्रीद होते. काही आठवड्यांची सोय म्हणून सुरू झालेले हे काम दशकानुदशके चालले. व्यसन हा गुन्हा मानण्याऐवजी आजार मानून त्यावर उपचार करण्याची दृष्टी रुजवण्यात त्याचा मोठा वाटा आहे. मूळ जागेतील दवाखाना २०१९ मध्ये बंद झाला, परंतु २०११ मधील विलीनीकरणातून झालेल्या संस्थेच्या रूपाने ते कार्य पुढे गेले.

दुसरी गोष्ट म्हणजे त्याच महिन्यात निघालेले 'हकलबेरी हाऊस', पळून आलेल्या मुलांसाठीचे आश्रयस्थान. घरातून पळणे हाच तेव्हा अल्पवयीनांचा अपराध गणला जाई. मुलगा पळतो तेव्हा प्रश्न केवळ मुलात नसून घरातही असू शकतो, हा विचार तेथे व्यवहारात उतरला. १९७४ मध्ये अमेरिकी काँग्रेसने अशा आश्रयस्थानांना निधी देणारा कायदा केला. फुले वाटणाऱ्यांची नावे इतिहासात गेली; या दोन दारांशी रात्री जागणाऱ्यांचे काम कायद्यात गेले.

स्त्रियांनी काढलेला अर्थ

बंडातील विषमता सर्वांत आधी जाणवली ती बंडातच असलेल्या स्त्रियांना. नागरी हक्कांच्या चळवळीतील केसी हेडन आणि मेरी किंग यांनी १९६५ मध्ये एक टिपण फिरवले. वंशभेदाची जी चिकित्सा आपण करतो ती स्त्री-पुरुष संबंधांना का लावत नाही, असा त्याचा आशय होता. १९७० च्या आरंभी न्यूयॉर्कमधील 'रॅट' या भूमिगत पत्राचा ताबा स्त्रियांनी घेतला आणि रॉबिन मॉर्गन हिने पुरुष सहकाऱ्यांचा जाहीर निरोप घेणारा लेख त्यात लिहिला. १९६० मध्ये संततिप्रतिबंधक गोळीला मान्यता मिळाली होती. त्यामुळे लैंगिक स्वातंत्र्य शक्य झाले खरे, पण त्या स्वातंत्र्यात स्त्रीची इच्छा मोजली जातेच असे नाही, हे या पिढीने स्वतः भोगून जाणले होते. बॉस्टनमधील काही स्त्रियांनी स्वतःच्या शरीराची माहिती स्वतःच जमवून १९७० मध्ये एक स्वस्त पुस्तिका काढली. तिचेच पुढे 'अवर बॉडीज, अवरसेल्व्ज' हे जगभर गेलेले पुस्तक झाले.

टेनेसी राज्यातील 'द फार्म' हे उदाहरणही याच संदर्भात पाहण्याजोगे आहे. स्टीव्हन गॅस्किन नावाच्या शिक्षकामागे सॅन फ्रान्सिस्कोहून बसगाड्यांचा एक ताफा निघाला आणि १९७१ मध्ये तेथे वसाहत करून राहिला. सर्व संपत्ती सामाईक, आहार शाकाहारी. कर्ज आणि दवाखान्याची बिले यांच्या ओझ्याखाली १९८३ मध्ये ही सामाईक अर्थव्यवस्था मोडली; प्रत्येकाने आपापले कमवावे असे ठरले. मात्र प्रवासात बसगाड्यांमध्येच बाळंतपणे करावी लागली, त्यातून तेथील स्त्रियांनी सुईणीचे शास्त्र शिकून घेतले होते. आयना मे गॅस्किन हिच्या १९७५ मधील पुस्तकाने आणि तेथील सुईणींच्या कामाने अमेरिकेत जवळजवळ लोपलेला हा व्यवसाय पुन्हा उभा राहण्यास मोठी मदत झाली. सामाईक तिजोरीचे तत्त्वज्ञान बारा वर्षे टिकले, सुईणींचे ज्ञान त्यानंतरही टिकले.

कायद्याच्या वहीतील नोंदी

सामाजिक मूल्य खरोखर बदलले की नाही, हे पाहण्याची एक जागा म्हणजे कायदा. तेथील नोंदी उद्बोधक आहेत. महाविद्यालयाने विद्यार्थ्याच्या आईबापांच्या जागी राहून त्याच्या खासगी वर्तनावर अंकुश ठेवावा, हे तत्त्व साठच्या दशकात ढासळले. श्रेय आपण हिप्पींना देतो. पण त्याला कायद्याचा पहिला तडा १९६१ मध्ये अलाबामातील काळ्या विद्यार्थ्यांनी दिला. ठिय्या आंदोलनामुळे काढून टाकलेल्या या विद्यार्थ्यांनी सुनावणीचा हक्क न्यायालयातून मिळवला. सात वर्षांनी, १९६८ मध्ये, न्यूयॉर्कच्या बर्नार्ड महाविद्यालयातील एक विद्यार्थिनी मित्रासह आवाराबाहेर राहते हे उघड झाले. देशभर गदारोळ उठला. चौकशी समितीने सुचवलेली शिक्षा कोणती, तर महाविद्यालयाच्या उपाहारगृहात येण्यास बंदी! शिक्षा इतकी हास्यास्पद होते, तेव्हा तिच्यामागचे मूल्य आतून पोकळ झालेले असते. अविवाहित जोडप्यांची संख्या १९७० मध्ये सुमारे पाच लाख होती, ती १९८० मध्ये पंधरा लाखांवर गेली.

घटस्फोटाची कथा आणखी बोलकी आहे. रोनाल्ड रेगन १९६६ मध्ये कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर म्हणून निवडून आले ते बर्कलीतील बेबंदशाही मोडून काढण्याचे आश्वासन देऊन. त्याच रेगन यांनी १९६९ मध्ये कोणा एकाचा दोष सिद्ध न करता घटस्फोट देणाऱ्या कायद्यावर सही केली. म्हणजे लग्न टिकवायचे की नाही हे पती-पत्नीने ठरवावे, हा विचार एव्हाना बंडखोरांच्या वस्तीपुरता उरला नव्हता. १९७१ मध्ये मतदानाचे वय अठरा झाले, १९७३ मध्ये सक्तीची लष्करभरती संपली.

अर्थात ही वाटचाल सरळ रेषेतली नव्हती. ४ मे १९७० रोजी केंट स्टेट विद्यापीठात नॅशनल गार्डच्या गोळीबारात चार विद्यार्थी ठार झाले, तेव्हा गॅलपच्या पाहणीत ५८ टक्के लोकांनी दोष विद्यार्थ्यांनाच दिला. १९७२ मध्ये, अठरा वर्षांच्या मतदारांसह झालेल्या पहिल्या अध्यक्षीय निवडणुकीत निक्सन ४९ राज्यांत विजयी झाले. गर्भपाताचा १९७३ मध्ये मिळालेला घटनात्मक हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये काढून घेतला. मूल्ये मिळवून ठेवता येत नाहीत, ती राखावी लागतात. बाजाराने मात्र या बंडाशी फार लवकर जमवून घेतले. १९७१ मध्ये कोका-कोलाने टेकडीवर गाणाऱ्या तरुणांची जाहिरात केली, तेव्हा विश्वबंधुत्वाची भाषा बाटलीत भरली गेली होती.

ओकलंड, हणजूण आणि मुंबई

हेट-ॲशबरीपासून खाडी ओलांडली की ओकलंड. तेथे ऑक्टोबर १९६६ मध्ये ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी 'ब्लॅक पँथर' पक्ष स्थापला. डिगर्सप्रमाणे पँथरही अन्न वाटत. जानेवारी १९६९ पासून ते शाळेपूर्वी मुलांना मोफत न्याहारी देऊ लागले. दोन पातेल्यांतला फरक मात्र महत्त्वाचा आहे. हेटमधल्या तरुणाने दारिद्र्य निवडले होते आणि कंटाळा आल्यावर त्याला परत जायला घर होते. ओकलंडमधल्या मुलाने काही निवडले नव्हते. त्याच्या दृष्टीने मोफत जेवण हा प्रयोग नव्हता, तो शाळेत टिकण्याचा प्रश्न होता. सरकारची न्याहारी योजना १९६६ पासून प्रायोगिक स्वरूपात होतीच. ती १९७५ मध्ये कायम झाली. त्याचे सगळे श्रेय पँथरांना देता येणार नाही, पण उपाशी मूल हा सार्वजनिक जबाबदारीचा विषय आहे, हे त्यांनी अत्यंत ठळकपणे दाखवून दिले.

त्या वर्षांत पॅसिफिकपलीकडून आपल्या किनाऱ्याला दोन गोष्टी लागल्या. हणजूणला हिप्पी आले. त्यांना स्वस्त निवारा आणि मुक्त किनारा मिळाला, गावाला भाडे आणि एक वेगळीच प्रसिद्धी मिळाली. पण पाहुणे पाहुणेच राहिले. त्याच सुमारास, १९७२ मध्ये, मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले आदी तरुणांनी संघटना उभारली आणि तिच्यासाठी नाव निवडले 'दलित पँथर'. साठोत्तरी लघुअनियतकालिकांच्या वर्तुळात बीट कवी ठाऊक होते. गिन्सबर्ग त्यांच्यात बसून गेला होता. तरीही गावकुसाबाहेरच्या जगण्यातून आलेल्या पिढीने आपले नाते जोडले ते ओकलंडशी. समाजाबाहेर जाण्याचे आकर्षण ज्याला समाजात जागा आहे त्यालाच वाटू शकते. ज्याला पिढ्यान्‌पिढ्या बाहेरच ठेवले, त्याची मागणी आत येण्याची आणि आतली रचना बदलण्याची असते.

वर्गात साठोत्तरी साहित्य शिकवताना 'बंडखोरी' हा शब्द आम्हा अध्यापकांच्या तोंडी फार सहज येतो. विद्यार्थीही तो उत्तरपत्रिकेत तितक्याच सहजतेने उतरवतात. कोणी कोणती चौकट मोडली, याची यादी तयार असते. त्या यादीशेजारी आणखी एक रकाना आखायला हवा : चौकट मोडल्यावर उघड्यावर आलेल्यांना कोणी घरात घेतले, त्यांच्यासाठी चूल कोणी पेटवली आणि त्या बाईचे नाव आपल्या पुस्तकात आहे का?